सिंहासन ते राजभवन : जयचामराज वाडियार यांची वाटचाल

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस सीमाभागातील मराठी माणसाच्या स्मरणातून पुसला जाणे शक्य नाही. त्या दिवशी चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघाला आणि नव्या म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. त्या दिवसाच्या निषेधाविषयी, पुढील सत्याग्रहांविषयी आणि तुरुंगवासांविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या राज्यात हा भाग गेला त्याच्या प्रमुखपदाची सूत्रे त्या दिवशी कोणी हाती घेतली, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही. नव्या राज्याचे पहिले राज्यपाल होते म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार. त्यांचे वय त्या वेळी अवघे सदतीस वर्षांचे होते. सोळा वर्षांपूर्वी ते सिंहासनावर बसले होते, सहा वर्षांपूर्वी राजप्रमुख झाले होते आणि आता राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले राज्यपाल म्हणून त्यांनी शपथ घेतली होती. एकाच भूमीवर एकाच पुरुषाने राजा, राजप्रमुख आणि राज्यपाल अशा तिन्ही नात्यांनी वावरावे, हा योग भारताच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल.

या योगाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी वाडियार घराण्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. १३९९ पासून आपली परंपरा सांगणाऱ्या या घराण्याचा मराठ्यांशी संबंध जुना आहे. शहाजीराजांची जहागीर असलेले बंगळूर त्यांच्यामागे व्यंकोजीराजांकडे आले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या हातून ते चिक्कदेवराज वाडियारांकडे गेले. पुढे १७६१ च्या सुमारास हैदरअलीने सत्ता बळकावली. त्याने वाडियारांचे सिंहासन मोडले नाही. सिंहासनावर राजा ठेवला आणि राज्य स्वतः केले. सातारच्या छत्रपतींची आणि पुण्याच्या पेशव्यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू पडला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराजास गादीवर बसविले. कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती राहिला. १८३१ मध्ये इंग्रजांनी तोही काढून घेतला आणि पन्नास वर्षे स्वतःकडे ठेवला. १८८१ मध्ये चामराज वाडियारांना राज्य परत मिळाले.

म्हणजे नाममात्र राजेपण हा अनुभव या घराण्याला विसाव्या शतकात प्रथमच आला असे नव्हे. सत्ता हातची जाणे आणि तरीही राजा म्हणवले जाणे यातली वेदना व तिच्यातली शिस्त त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवली होती. मात्र पूर्वी सत्ता गेली ती सेनापतीकडे किंवा परकीयांकडे. १९४७ नंतर ती प्रजेकडे जाणार होती. हा फरक मूलभूत होता आणि तो ओळखण्याची कसोटी जयचामराजांच्या वाट्याला आली.

जयचामराजांचा जन्म १८ जुलै १९१९ रोजी झाला. युवराज कंठीरव नरसिंहराज हे त्यांचे वडील आणि महाराज नाल्वडी कृष्णराज हे चुलते. नाल्वडी कृष्णराजांच्या काळी म्हैसूरची गणना देशातील अत्यंत प्रगत संस्थानांत होत असे. शिवनसमुद्रचा वीजप्रकल्प, कावेरीवरील कृष्णराजसागर धरण, १९१६ साली स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ ही त्या राजवटीची स्मारके होत. गांधीजींनी त्यांचा ‘राजर्षी’ म्हणून गौरव केला होता. सयाजीरावांच्या वडोद्याशी या म्हैसूरचे साधर्म्य सहज जाणवते आणि दोन्ही दरबारांत गुणीजनांची येजा होती. मिरजेचे अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारात गात असत; वडोद्याचे दरबारगायक फैयाज खाँ यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब मिळाला तो म्हैसूरच्या महाराजांकडूनच. अशा वातावरणात जयचामराज वाढले. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून ते १९३८ साली पदवीधर झाले.

१९४० हे वर्ष या तरुणाच्या आयुष्यात विलक्षण ठरले. मार्च महिन्यात वडील मुंबईत निवर्तले, ३ ऑगस्टला निपुत्रिक चुलते गेले आणि ८ सप्टेंबरला एकविसाव्या वर्षी त्यांना राज्याभिषेक झाला. महायुद्ध सुरू होते. सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात विमानाचा कारखाना उभारण्यास आरंभ केला आणि म्हैसूर सरकार त्यात भागीदार झाले. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ते मूळ. पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, बंडीपूरच्या रानात वेणुगोपाल वन्यजीव उद्यान स्थापन झाले. राजेलोकांच्या दृष्टीने अरण्य म्हणजे शिकारीचे मैदान, अशी समजूत असलेल्या काळात ही दृष्टी लक्षणीय होती. १९५२ मध्ये भारतीय वन्यजीव मंडळाची स्थापना झाली तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद जयचामराजांकडे यावे, हे त्या पार्श्वभूमीवर स्वाभाविकच होते.

परंतु या राजवटीचे मोल ठरवायचे तर १९४७ चे वर्ष तपासावे लागते. म्हैसूरमध्ये १८८१ पासून प्रतिनिधी सभा होती. तिला सल्ला देता येई, सरकार बदलता येत नसे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर प्रजेला एवढ्याने समाधान मिळणे शक्य नव्हते. ऑगस्टमध्ये महाराजांनी भारतात सामील होण्याच्या करारावर स्वाक्षरी केली. हैदराबादच्या निजामाने जी आढेवेढ्यांची वाट धरली ती त्यांनी धरली नाही. मात्र राज्यांतर्गत जबाबदार राज्यपद्धती देण्यास दिवाण सर रामस्वामी मुदलियार यांचे सरकार तयार होईना. सप्टेंबरात ‘म्हैसूर चलो’ आंदोलन पेटले. काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली, विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाले आणि माणसे दगावली. स्वतंत्र भारतात, ध्वजारोहणानंतर महिन्याभरात, आपल्याच प्रजेवर गोळी चालावी ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीवरील डाग म्हणूनच नोंदवावी लागेल. दिवाणाचा सल्ला होता असे म्हणून राजाची जबाबदारी संपत नाही.

मात्र हट्ट लांबला नाही, हेही तितकेच खरे. ऑक्टोबरमध्ये समझोता झाला आणि के. सी. रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नोव्हेंबर १९४९ मध्ये भारताची राज्यघटना म्हैसूरला लागू होईल अशी घोषणा महाराजांनी केली. २६ जानेवारी १९५० पासून ते म्हैसूरचे राजप्रमुख झाले.

राजप्रमुख हे पद आज विस्मृतीत गेले आहे. संस्थाने किंवा संस्थानांचे संघ यांतून जी राज्ये बनली त्यांच्या प्रमुखाला ही संज्ञा होती. तोफांच्या एकवीस सलामींचा मान असलेली संस्थाने पाच : हैदराबाद, म्हैसूर, वडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर. यांपैकी वडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. ग्वाल्हेर इंदूरसह मध्य भारत संघात गेले आणि जिवाजीराव शिंदे त्या संघाचे राजप्रमुख झाले. म्हैसूर मात्र आपल्या जुन्या सीमांसह तसेच राहिले. राजा तोच, राजवाडा तोच, दसऱ्याची अंबारी तीच. वरवर पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसू नये अशी ही अवस्था होती. बदल होता तो सहीमागच्या अधिकारात. पूर्वी दिवाण महाराजांना उत्तरदायी होता. आता महाराज मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधले गेले होते. सालिना सव्वीस लाख रुपयांचा तनखा, ‘महाराज’ ही उपाधी आणि काही मानमरातब एवढे त्यांच्याकडे राहिले. त्या उपाधीमागे आता राज्य उरले नव्हते.

सहा वर्षांनी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने राजप्रमुखपदही नाहीसे झाले. भाषावार प्रांतरचनेत जुन्या म्हैसूरला मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार, हैदराबादेतील गुलबर्गा, रायचूर व बिदरचा काही भाग, मद्रासेतील दक्षिण कानडा आणि स्वतंत्र कूर्ग जोडले गेले. देशातील बहुतेक राजप्रमुख या वेळी निवृत्त झाले. निजाम गेले, शिंदे गेले, जयपूर आणि त्रावणकोरचे महाराज गेले. राजप्रमुखपदावरून थेट राज्यपालपदी त्याच राज्यात राहिले ते एकटे जयचामराज वाडियार. राज्यपाल शक्यतो परराज्यातील असावा, हा संकेत पुढे दृढ झाला आणि १९८८ च्या सरकारिया आयोगाच्या अहवालाने त्याची शिफारस केली. तो संकेत मानला तर म्हैसूरची ही नियुक्ती अपवादात्मकच होती.

ही नियुक्ती मानाची असली तरी तिच्या स्वीकारात एक मोठी उतराई होती. राजप्रमुखपद त्यांना राजा म्हणून मिळाले होते. राज्यपालपदावर मात्र कोणाही नागरिकाची नियुक्ती होऊ शकत होती. त्याला मुदत होती आणि बदली होती. शिवाय नवे राज्य हे वाडियारांचे राज्य नव्हतेच. धारवाडच्या, गुलबर्ग्याच्या किंवा मंगळूरच्या माणसाचे त्यांच्या सिंहासनाशी वंशपरंपरेचे नाते नव्हते. बेळगावच्या मराठी माणसाचे तर नाहीच. ‘म्हैसूर’ हे नाव मात्र नव्या राज्यालाही राहिले आणि ते नाव येथील मराठी माणसाच्या कानाला अन्यायासारखे लागले.

या कालखंडाचा एक तपशील मोठा बोलका आहे. १९५८ ते १९६२ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते बी. डी. जत्ती. ते मूळ जमखंडीचे. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात त्यांनी मंत्रिपद भूषविले होते. पटवर्धन संस्थानिकाच्या दरबारी मंत्री असलेला हा गृहस्थ पुढे वाडियार राज्यपालांकडून मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतो आणि कालांतराने देशाचा उपराष्ट्रपती होतो. संस्थानी जग किती झपाट्याने प्रजासत्ताकात विरघळले, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागेल.

राज्यपाल म्हणून जयचामराजांनी सीमाप्रश्नावर काय केले, असा प्रश्न या भागातील वाचकाच्या मनात उभा राहणे साहजिक आहे. घटनेप्रमाणे राज्यपालाला या विषयात स्वतःचे असे धोरण नसते. विधिमंडळापुढे तो जे अभिभाषण वाचतो ते मंत्रिमंडळाने तयार केलेले असते. १९५७ च्या निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडून म्हैसूरच्या विधानसभेत गेले, ते याच राज्यपालांच्या कारकिर्दीत. महाजन आयोग नेमला गेला तो ऑक्टोबर १९६६ मध्ये, तोवर ते सार्वजनिक पदांवरून निवृत्त झालेले होते. तेव्हा सीमाभागाच्या दुःखाचे कर्तृत्व त्यांच्याकडे जात नाही आणि त्याच्या निवारणाचे श्रेयही त्यांच्याकडे जात नाही. ज्या सहीने कारभार चालला ती सही त्यांची होती, निर्णय त्यांचा नव्हता. त्यांच्या पणजोबांच्या पिढीने हा अनुभव इंग्रजांच्या छायेत घेतला होता; यांनी तो मतपेटीच्या छायेत घेतला.

तथापि याच काळातील एक गोष्ट मराठी वाचकाने अवश्य जाणून घ्यावी अशी आहे. ज्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूरमध्ये आले त्याच दिवशी हैदराबाद राज्यातला गुलबर्गा जिल्हाही आला, आणि त्याबरोबर भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूरही. श्रीनृसिंहसरस्वतींच्या पादुकांच्या दर्शनाला जाणारा आणि गुरुचरित्राचे पारायण करणारा मराठी भाविक त्या दिवसापासून म्हैसूर राज्यात जाऊ लागला. आणि पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्या राज्याच्या राज्यपालांचा दत्तात्रेयांवरील इंग्रजी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. ‘दत्तात्रेय : द वे अँड द गोल’ हे त्याचे नाव. दत्तात्रेयांच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत ग्रंथांचा वेदान्ताच्या अंगाने केलेला विचार हे त्याचे स्वरूप आहे. गुरुचरित्राच्या ओवीतून दत्तसंप्रदाय जाणणाऱ्या वाचकाला त्याची वाट वेगळी वाटेल. परंतु दैवत तेच आहे. नृसिंहवाडी, औदुंबर आणि गाणगापूर या त्रिस्थळीच्या भक्तांना ज्यांच्या राजवटीविषयी परकेपणा वाटत होता, त्याच राज्यपालांच्या अभ्यासिकेत दत्तात्रेयांचे चिंतन चालू असावे, हा योगायोग हृद्य आहे. सीमा नकाशावर आखली गेली होती, दत्तभक्तीच्या वाटा तिच्या दोन्ही बाजूंना पूर्वीसारख्याच वाहत होत्या.

जयचामराजांचे खरे राज्य विद्येचे होते, असे त्यांच्या चरित्राकडे पाहिले असता वाटू लागते. त्यांची मातृभाषा कन्नड. संस्कृतातील वेद-पुराणे कन्नड वाचकाला सुलभ व्हावीत म्हणून ‘जयचामराजेंद्र ग्रंथरत्नमाला’ त्यांनी सुरू केली आणि तिच्यातून ऋग्वेदासारखा ग्रंथ अनेक भागांत कन्नड अर्थासह प्रसिद्ध झाला. म्हैसूरच्या राजघराण्याची ग्रंथांवरची प्रीती जुनी होती. १८९१ साली स्थापन झालेल्या तेथील प्राच्य ग्रंथालयातच शामशास्त्रींना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी गवसली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. एका पोथीने भारताच्या राजनीतीचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ग्रंथालय कशासाठी चालवायचे, या प्रश्नाला यापरते दुसरे उत्तर लागत नाही.

संगीतातही त्यांची गती असामान्य होती. तरुणपणी त्यांनी पियानोचा कसून अभ्यास केला आणि लंडनच्या संगीतसंस्थांच्या पदव्या मिळविल्या. लंडनमध्ये उपेक्षेत दिवस कंठणाऱ्या निकोलाय मेत्नर या वृद्ध रशियन रचनाकाराच्या कृतींचे ध्वनिमुद्रण महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने झाले आणि त्या कलावंताने आपली तिसरी पियानो-रचना त्यांना अर्पण केली. मे १९५० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड स्ट्राउस या दिवंगत जर्मन संगीतकाराची शेवटची चार गीते प्रथमच लोकांसमोर गायिली गेली, त्या कार्यक्रमामागेही म्हैसूरच्या महाराजांचे आर्थिक बळ होते. राज्य हातचे जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. कर्नाटक संगीताकडेही ते तितक्याच निष्ठेने वळले. दरबारातील ज्येष्ठ वाग्गेयकार वासुदेवाचार्य यांच्या सहवासात त्यांनी ‘श्रीविद्या’ या मुद्रेने चौऱ्याण्णव कृती रचल्या, त्या सर्व संस्कृतात. म्हैसूरचे राजे गेले, पण या कृती दक्षिणेतील मैफलींत अजूनही गायिल्या जातात. १९६६ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले.

मे १९६४ मध्ये त्यांची मद्रासच्या राज्यपालपदी नेमणूक झाली. येथे तर पूर्वजांचा काडीचाही हक्क नव्हता. चार दशकांपूर्वी कावेरीच्या पाण्यावरून म्हैसूर आणि मद्रास यांच्यात वाटाघाटी व करार होत होते. आता म्हैसूरचेच महाराज मद्रासच्या राजभवनात राहावयास गेले. तेथेही त्यांच्यापुढे भाषेचाच प्रश्न उभा राहिला. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची राजभाषा होणार या जाणिवेने मद्रास राज्य पेटले. विद्यार्थ्यांनी आंदोलन हाती घेतले, काहींनी आत्मदहन केले, गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांचे सरकार कठोर राहिले. राज्यपाल पुन्हा एकदा घटनेच्या चौकटीत बसून होते. जून १९६६ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले.

या दोन्ही राज्यपालपदांचा एकत्र विचार केला तर एक विसंगती ठळकपणे नजरेत भरते. ज्या गृहस्थाच्या घरात कन्नड, संस्कृत आणि इंग्रजी या भाषा सलोख्याने नांदल्या, ज्याने रशियन आणि जर्मन संगीताला आश्रय दिला, त्याच्या वाट्याला दोनदा अशी पदे आली की जेथे भाषा एकमेकींसमोर शस्त्रे परजून उभ्या होत्या. अभ्यासिकेत जे साधले ते राजभवनात साधता आले नाही. याचा दोष व्यक्तीला देता येणार नाही. अभ्यासिकेत भाषा ज्ञानाचे साधन असते. राज्यकारभारात ती नोकरीचा अर्ज असते, शाळेतला वर्ग असते, जमिनीचा सात-बारा असते. आपल्या भाषेत उतारा मागणाऱ्या माणसाला केवळ संस्कृतीचे दाखले देऊन समाधान मिळत नाही. सीमाभागातील मराठी माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निवृत्तीनंतरचे दिवस कटू गेले. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द ठरविला. परंतु १९७१ च्या अखेरीस घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे आणि उपाध्या कायमच्या संपुष्टात आल्या. सरदार पटेलांनी संस्थानिकांना दिलेला शब्द मोडला असे एका पक्षाचे म्हणणे. गरीब देशाने राजांना तनखे का द्यावेत, असा दुसऱ्या पक्षाचा सवाल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. म्हैसूरच्या दसऱ्यात सोन्याच्या अंबारीत महाराज बसत, तेथे आता देवीची मूर्ती विराजमान होऊ लागली. प्रजेने अंबारीपुढे हात जोडणे सोडले नाही. राजाच्या जागी देवी आली आणि मिरवणूक पूर्वीच्याच वाटेने चालू राहिली.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी राज्याचे ‘म्हैसूर’ हे नावही जाऊन ‘कर्नाटक’ हे नाव आले. त्यानंतर वर्षाच्या आतच, २३ सप्टेंबर १९७४ रोजी, जयचामराज वाडियार कालवश झाले. वय पंचावन्न. सिंहासन, राजप्रमुखपद, राज्यपालपद, तनखा, उपाधी आणि राज्याचे नाव, एवढे सारे एका हयातीत मावळलेले त्यांनी पाहिले. पुढे त्यांचे पुत्र श्रीकंठदत्त लोकांच्या मतांवर लोकसभेत गेले आणि २०२४ मध्ये घराण्याचे सध्याचे वारस यदुवीर हेही निवडून आले. राजभवनाची वाट नियुक्तीची होती, ही वाट मतांची आहे.

बेळगावचा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निकाल काहीही लागो, या प्रदेशातील जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत कन्नड आणि मराठी पुस्तके शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांच्यात म्हैसूरच्या एका महाराजांनी दत्तात्रेयांवर लिहिलेल्या पुस्तकालाही जागा असावी. ज्या राज्यपालांच्या राज्यात आपण इच्छेविरुद्ध गेलो, ते आपल्याच दैवताचे अभ्यासक होते, हे वाचकाला ठाऊक असलेले बरे. त्याने हक्काची मागणी सैल होत नाही, मनातला आकस मात्र काहीसा उतरतो.